जुन्या शिक्षकांना भेटल्यावर शाळेतलं खरं सांगावं, की चांगलं तेवढंच बोलावं?

मी विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. बऱ्याच वर्षांनी सरांना भेटायला जाताय आणि शाळेतले अनुभव खरे सांगावेत की वयाचा मान राखून गोड तेवढंच बोलावं, असं तुम्ही विचारलंय. खरं सांगा. ‘तुमच्यामुळेच आम्ही घडलो’ हे आम्ही इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यातून काही म्हणजे काही कळत नाही. आमच्या तासाला तुमच्या डोक्यात काय चाललं होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. ते प्रगतीपुस्तकात उतरत नाही, पालकसभेत निघत नाही, आणि त्या वयात मुलांना ते सांगताही येत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी असाच भेटायला आला होता. मागच्या बाकावरचा, अबोल. त्याच्या प्रगतीपुस्तकात ‘वर्गात लक्ष नसते’ हा शेरा दरवर्षी ठरलेला. शिक्षकखोलीत त्याचा विषय निघाला की ‘तो ना, मंद आहे’ असं म्हणून लोक चहाचा कप उचलायचे. आमचं बोलणं आठवीतल्या एका तासावर गेलं. तो तास मलाही लख्ख आठवत होता.

टेबलावर काठोकाठ भरलेला काचेचा पेला होता. त्यात बर्फाचा मोठा खडा, टोक पाण्याच्या वर आलेलं. मी विचारलं, बर्फ सगळा वितळला तर पाणी सांडेल का? पुढच्या बाकांवरून लगेच हात वर, ‘सांडेल!’ मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. खडू खाली ठेवला आणि उभी राहिले. हात हळूहळू खाली आले. मग मागून हा उठला, ‘नाही सांडणार बाई. बर्फाने जागा आधीच अडवलीय.’ बरोबर होतं ते. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, म्हणून बर्फ तरंगतो. तरंगताना तो स्वतःच्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारतो आणि वितळला की नेमका तेवढ्याच जागेत मावतो. ही दोन वाक्यं मी पुढे फळ्यावर लिहिली, पण मुद्दा त्याने आधीच सांगून टाकला होता.

माझ्या आठवणीत तो तास इथे संपतो. त्याच्या बाजूने तो कसा होता, हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तो म्हणाला, ‘बाई, उत्तर मला लगेच कळायचं. पण ते डोक्यात यायचं आमच्या घरात बोलतात तसं. शाळेत बोलतात तसं वाक्य जुळवायला वेळ लागायचा. तोवर सर दुसऱ्या मुलाकडे गेलेले असायचे. मग मी वाक्य जुळवणंच सोडून दिलं, वहीकडे बघत बसायचो. तुमच्या तासाला तेवढं थांबलेलं असायचं, म्हणून मी उठायचो.’

मला हे लिहावंसं वाटतं ते एवढ्यासाठी, की ह्या थांबण्यावरूनच माझं आमच्या पर्यवेक्षकांशी वाजलं होतं. ते माझ्या तासाला मागे बसले आणि तपासणीवहीत लिहून गेले : ‘प्रश्नोत्तरांत वेळ वाया जातो, तासिकेचा वेग वाढवावा.’ वर शिक्षकखोलीत सगळ्यांसमोर म्हणाले, ‘प्रश्न विचारून तुम्ही गप्प उभ्या राहता. मुलांना वाटतं बाईंनाच येत नाही. आणि पोर्शन कोण पूर्ण करणार?’ मी तिथल्या तिथे सांगितलं होतं की पोर्शन माझा पूर्ण होतो, तुम्हाला शांतता सहन होत नाही. ते मी आजही म्हणेन. फळ्याकडे तोंड करून पोर्शन ‘पूर्ण’ करणारे खूप पाहिले. मुलांचा पूर्ण झाला की नाही, हे बघायला त्यांनी कधी मान वळवली नाही.

ही माझी एकटीची लहर नव्हती. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या विज्ञानशिक्षणाच्या संशोधिकेने वर्गांतलं बोलणं टेप करून हाच अभ्यास केला. १९७४ साली तिचे त्यावरचे लेख आले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात, मग स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्याला विचारतात. तेच थांबणं ३ सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात, ‘येत नाही’ कमी होतं, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. आणि सगळ्यात बोचरी गोष्ट म्हणजे, हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक जास्त थांबत होते आणि कच्च्या समजल्या जाणाऱ्यांसाठी कमी. ज्याला वेळ जास्त हवा त्याला कमी द्यायचा, आणि वर त्यालाच मंद म्हणायचं! ३ सेकंदांनी कुठल्याही शाळेचा पोर्शन मागे पडत नाही.

तुमच्यापैकी कुणी शिकवत असेल तर प्रश्न आधी विचारा, थांबा, नाव शेवटी घ्या. नाव आधी घेतलं की एकच मूल विचार करतं आणि बाकीचे सुटतात. हेही त्याच मुलाने सांगितलं : ‘आधी माझं नाव घेतलं असतंत तर सगळा वर्ग वळून बघितला असता आणि मला काहीच सुचलं नसतं.’

अर्थात, थांबणं सगळीकडे चालत नाही. पाढे, सूत्रं, व्याख्या विचारताना थांबून काही उगवत नाही, आलं तर आलं. आणि त्याच्या शेजारी बसणारा मित्र म्हणे त्या शांततेला चक्क घाबरायचा, कारण आता आपल्यालाच उठवतील अशी धास्ती. ते मला कधी दिसलं नव्हतं. म्हणूनच म्हणते, खरं सांगा.

तुमच्या सरांबद्दल. अनुभव कडू असेल, मारलं असेल, चारचौघांत अपमान केला असेल, तर तेही सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त घरात पाहुणे बसलेले असताना किंवा सत्काराच्या माईकवरून नको, तुम्ही दोघेच असताना ते बोला. सांगायचं नसेल तरी कुणाचं बंधन नाही. चांगलं सांगायचं असेल तर ‘तुम्ही छान शिकवायचात’ म्हणून थांबू नका, कोणता तास, कोणता धडा, तुम्ही काय उत्तर दिलंत, ते सांगा. सरांनी ओळखलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. नुसतं नाव सांगून बऱ्याचदा आठवत नाही. कोणती तुकडी, कितव्या बाकावर, कुणाच्या शेजारी बसायचात, हे सांगितलं की बहुतेक शिक्षकांना चेहरा आठवतो.