रानात विमान उतरलं तर

प्रश्न : मी जालना जिल्ह्यात शेती करते. आमच्या कपाशीवरून अधूनमधून छोटी विमानं जातात. त्यातलं एखादं खाली यायला लागलं तर आवाजावरून कळेल ना?

ताई, आवाजावर अजिबात विसंबू नका. छोटं विमान शेतात उतरायला जागा शोधतं, तेव्हा बहुतेक वेळा त्याचं इंजिनच बंद पडलेलं असतं, आणि आपण ऐकतो तो आवाज इंजिनाचा आणि पंख्याचा. उरते फक्त वाऱ्याची सळसळ. शेजारी ट्रॅक्टर चालू असला तर तीही कानावर येत नाही.

मार्च २०१० मध्ये अमेरिकेतल्या हिल्टन हेड बेटावर, समुद्रकाठी धावणारा एक माणूस असाच गेला. त्याच्या कानात गाणी चालू होती. मागून उतरणाऱ्या विमानाचा पंखा हवेतच गळून पडला होता आणि तेल काचेवर उडाल्यामुळे वैमानिकाला समोरचं दिसत नव्हतं. म्हणजे धावणाऱ्याला विमान ऐकू आलं नाही आणि वैमानिकाला हा दिसला नाही. ही बातमी मी आजही विसरू शकत नाही.

सेसना १७२ सारखं छोटं विमान इंजिन बंद असताना हजार फुटांवरून साधारण पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं. उतरताना वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. ते पुन्हा वर उचलता येत नाही. त्यामुळे ते दिसलं की त्याच्या पुढे पळू नका. त्याच्या वाटेला आडवं, बाजूच्या बांधाकडे पळा. मोबाइल खिशातच राहू द्या.

प्रश्न : १९९३ च्या औरंगाबादच्या विमान अपघाताला बीड रस्त्यावरचा ट्रक कारणीभूत होता, असं वडील सांगतात. खरं आहे का?

ट्रकला धडक बसली हे खरं. पण दोष ट्रकवाल्याचा होता, हे मला मान्य नाही, आणि चौकशीतही तसं निघालं नाही.

२६ एप्रिल १९९३ ला दुपारी इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७, उड्डाण ४९१, तेव्हाच्या औरंगाबादहून मुंबईला निघालं. विमानात ११८ जण होते. धावपट्टी संपते तिथून जवळूनच बीड रस्ता जायचा आणि त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचं डावं चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग रस्त्यापासून सुमारे सात फूट उंचीवर ट्रकला धडकला. पुढे जवळपास तीन किलोमीटरवर विमान विजेच्या उच्चदाब तारांना अडकून कोसळलं. ५५ जण गेले.

चौकशीने दोन कारणं दिली. वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं, हे पहिलं. उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने आवरली नाही, हे दुसरं. सार्वजनिक रस्त्याने माल नेणाऱ्या माणसाला धावपट्टीवर काय चाललंय ते कसं कळणार? त्याला थांबवणं दुसऱ्याचं काम होतं. वडिलांना हे जरूर सांगा.

प्रश्न : विमान पडलं तर मदतीला धावावं की लांब राहावं?

धावा, पण आधी ११२ आणि १०८ ला फोन करा. पेट्रोल बहुधा पंखांमध्ये असतं, तेव्हा विडी-काडी लांब ठेवा. पुढचा पंखा थांबलेला दिसला तरी हाताने फिरवू नका. या इंजिनाच्या मॅग्नेटोला, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागाला, बॅटरी लागत नाही, त्यामुळे नुसत्या फिरवण्यानेही ते एकदम पेटून झटका देऊ शकतं. तुटलेल्या विजेच्या तारा आधी बघा. मे २०१७ मध्ये निलंग्यात मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर पडलं, तेव्हाही ते तारांतच अडकलं होतं. सुदैवाने आतले सगळे वाचले.

आग नसेल तर जखमीला ओढून काढायची घाई करू नका. माणूस वाचवण्यापलीकडे एकही तुकडा हलवू नका आणि गर्दीला सऱ्यांमधून फिरू देऊ नका. जमिनीवरचे ओरखडे तपासाला फार लागतात.

प्रश्न : आपलं माणूस गेलं किंवा पीक गेलं तर भरपाई कोण देतं?

१९७२ चा विमान वाहतुकीचा कायदा प्रवाशांसाठी आहे. जमिनीवरच्या माणसाला विमान चालवणाऱ्या संस्थेकडे आणि तिच्या विमा कंपनीकडे दावा करावा लागतो, नाही मानलं तर दिवाणी न्यायालयात. जून २०२५ मध्ये अहमदाबादला विमान वसतिगृहावर पडलं, त्यात १९ जण जमिनीवरचे होते. त्यांच्याकडे कुठलंच तिकीट नव्हतं, हे विसरून चालणार नाही.

तलाठ्याकडून पंचनामा त्याच आठवड्यात करून घ्या. सोबत सातबारा आणि उभ्या पिकाचे फोटो ठेवा. अपघात तपास विभागाच्या, म्हणजे एएआयबीच्या अहवालासाठी थांबू नका. तो अपघात पुन्हा होऊ नये म्हणून असतो, दोष ठरवण्यासाठी नाही. मृत्यू झाला असेल तर १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखालचा दावा मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत दाखल व्हावा लागतो. तेव्हा दिवसकार्य उरकलं की वकिलांना भेटा.