वाचकांचे प्रश्न : गोल्फचा स्विंग पायांतून येतो तेव्हा

(उत्तरं उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून दिली आहेत. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं.)

प्रश्न : दहा वर्षं तालमीत घाम गाळला, आता चाळिशीत गोल्फ सुरू केलाय. ताकद आहे, पण सात नंबरचं आयर्न (लोखंडी डोक्याची काठी, म्हणजे क्लब) मारलं की क्लब चेंडूच्या दोन-तीन इंच मागे मातीत रुततो. ‘वजन पुढे आणा’ म्हणतात म्हणून आणलं, तर चेंडू उजवीकडे वळून जातो. चुकतंय कुठं?
— एक वाचक, मंगळवार पेठ

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. क्लब वर नेताना तुमची कंबर फिरत नाही, उजवीकडे सरकते. उजवा खुबा पावलाच्या बाहेर जातो, भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर जातो आणि तिथून परतायला वेळ उरत नाही, कारण डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून खाली चेंडूपर्यंत येणं, पाव सेकंदाच्या आसपास आटोपतो. भार मागेच राहिला की स्विंगचा सर्वांत खालचा बिंदूही चेंडूच्या मागे पडतो. आयर्नला तो चेंडूच्या तीन-चार इंच पुढे हवा.

मग ‘वजन पुढे’ हे ऐकून तुम्ही बहुतेक खांदे पुढे फेकता. उजवा खांदा चेंडूकडे धावतो, क्लब बाहेरून आत येतो, क्लबचं तोंड (चेंडूला लागणारी बाजू) त्या वाटेच्या मानाने उजवीकडे उघडं राहतं आणि चेंडू उजवीकडे वळतो. वजन पुढे आणायचं ते पायांनी.

धोबीपछाड आठवा. नुसत्या हाताने ओढून गडी उचलला जात नाही. आधी पाय जागेवर येतात, कंबर आत जाते, वाकलेले गुडघे सरळ होतात तेव्हा तो पाठीवरून जातो. हातांनी फक्त पकड सोडायची नसते. गोल्फमध्येही क्रम हाच : आधी डावं पाऊल जमीन दाबतं, मग कंबर, मग छाती, मग हात आणि सगळ्यांत शेवटी क्लब. चेंडूला लागताना डावा गुडघा सरळ होत जातो, त्यामुळे डावा खुबा वर आणि मागे ढकलला जातो आणि वेग येतो.

तालमीची एक सवय मात्र सोडावी लागेल. कुस्तीच्या पवित्र्यात भार चवड्यावर असतो. तो इथे आणलात तर डाउनस्विंगमध्ये कंबर चेंडूकडे ढकलली जाईल आणि हातांना जागा उरणार नाही. भार बुटाच्या लेसखाली, पावलाच्या मध्यावर ठेवा. दोन्ही पायांवर निम्मा-निम्मा.

सराव दारापासून सुरू करा. उजवा खुबा चौकटीपासून चार बोटांवर ठेवून उभे राहा, हात छातीवर घ्या आणि बॅकस्विंगसारखं, म्हणजे क्लब वर नेताना वळतो तसं, वळा. खुबा चौकटीला टेकला तर तुम्ही सरकलात. नीट वळलात तर उजवा खिसा मागे जाईल आणि भार उजव्या टाचेच्या आतल्या बाजूला जाणवेल. खांदे 90 अंश आणि कंबर 45 अंशांच्या आसपास फिरली की पुरे.

मग मैदानावर पाय जुळवून उभे राहा. क्लब वर जात असतानाच, तो सर्वांत वरच्या टोकाला पोहोचण्याआधी, डावं पाऊल फूटभर लक्ष्याकडे टाका आणि मग खाली या. पाऊल आधी, हात नंतर. अर्ध्या वेगात, चेंडूशिवाय वीस वेळा. सुरुवातीला तोल जातो, तरी घाई करू नका.

आता परीक्षा. गवतावर रांगोळीची सरळ रेघ ओढा, ती स्टान्सच्या (दोन्ही पावलांच्या) मध्यावर येईल असे उभे राहा आणि दहा स्विंग मारा. गवत कापल्याची खूण रेघेवर किंवा तिच्या पुढे सुरू व्हायला हवी. दहात सात खुणा पुढे पडेपर्यंत चेंडू लावू नका, ही आमची कळकळीची विनंती. चेंडू दिसला की हात पुन्हा मारायला धावतात.

प्रश्न : बॅकस्विंगमध्ये डावी टाच उचलली तर चालते का?
— एक वाचक, राजारामपुरी

चालते. अमेरिकेचे नामवंत गोल्फपटू जॅक निकलस टाच उचलूनच खेळायचे. कंबर आखडलेली असेल तर इंच-दीड इंच उचलल्याने वळण पुरं होतं. ती आपोआप उचलली जावी, मुद्दाम नको, आणि होती त्याच जागी परत टेकवावी. टाच टेकणं हीच डाउनस्विंगची सुरुवात.

प्रश्न : वय 58. नऊ होल झाले की डावा गुडघा आतून दुखतो. खेळ सोडायचा का?
— एक वाचक, ताराबाई पार्क

तडकाफडकी सोडू नका, आधी डावं पाऊल पाहा. ते लक्ष्यरेषेला काटकोनात ठेवलं तर शेवटी कंबर फिरते, पाऊल जागेवर अडकतं आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. बोटं 20 ते 30 अंश लक्ष्याकडे उघडी ठेवा. शेवटी पाऊल बाहेरच्या कडेवर कलंडू द्या, उजव्या पायाचा फक्त अंगठ्याकडचा भाग जमिनीवर राहू द्या आणि तीन सेकंद तसेच उभे राहा. तोल टिकत नसेल तर वेग कमी करा.

बूटही तपासा. जमीन कोरडी असेल तर खोल पकड घेणाऱ्या धातूच्या स्पाइकपेक्षा रबरी खुंट्यांचा तळवा बरा, पाऊल थोडं फिरू शकतं. पावसाळ्यात ओल्या गवतावर मात्र पकड हवीच, तेव्हा खुंट्या झिजलेले बूट बदला आणि तीन-चतुर्थांश स्विंगवर समाधान माना. गुडघा सुजत असेल किंवा जिना उतरताना लचकत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगेपर्यंत फक्त पटिंग (होलजवळ चेंडू हळूच ढकलणं) करा.