सेट घ्या, पण आधी कार्ड शून्य करा

भांडुपच्या एका वाचकाचं चार पानी पत्र आलं आहे. वय ४३, कंपनीत मेंटेनन्स विभागात नोकरी, हातात ८२ हजार. पत्नी घरी शिकवण्या घेतात, त्यांचे साधारण १२ हजार. मुलगी आठवीत. गृहकर्जाचा हप्ता २१ हजार, अजून नऊ वर्षं. चार वर्षांपासून हौशी रेडिओचा, म्हणजे हॅम रेडिओचा छंद. आतापर्यंत हातातल्या छोट्या सेटवर रिपीटरमार्फत, म्हणजे आवाज पकडून पुढे पाठवणाऱ्या केंद्रामार्फत, मुंबई-पुण्यापर्यंत बोलणं होत होतं. यंदा त्यांनी मोर्सची, म्हणजे ठिपके-रेघांच्या संकेतभाषेची, परीक्षा दिली, परवान्याची वरची श्रेणी, जनरल ग्रेड, मिळवली, संकेतनावात व्हीयू-थ्रीचे व्हीयू-टू झाले. आता एचएफवर, म्हणजे जगभर पोचणाऱ्या पट्ट्यांवर जायचं आहे. सेट, पॉवर सप्लाय, ट्यूनर, केबल मिळून १ लाख ३० हजारांचा अंदाज आहे. विचारतात, “कार्डावर बारा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय घेऊ, की बँकेतल्या मॅडम म्हणतात तसं पॉलिसीवर कर्ज काढू? बायकोचं म्हणणं, या छंदापायी घर बुडेल.”

दोन्हीही नको. आत्ता सेटच नको. पण तुमच्या पत्नी म्हणतात त्या कारणासाठी नव्हे. छंदाने तुमचं काहीही बुडालेलं नाही. चार वर्षांत तुम्ही रेडिओवर फार तर २५ हजार खर्च केलेत आणि दिवसभराच्या ड्यूटीनंतर रात्री बसून मिनिटाला आठ शब्दांचा मोर्स शिकलात. २००४ च्या डिसेंबरमध्ये अंदमानात गेलेल्या हौशी रेडिओवाल्यांनी त्सुनामीनंतर तिथला संपर्क कसा चालू ठेवला, हे तुम्ही मला पटवून द्यायला अर्धं पान लिहिलं आहे. त्याची गरज नव्हती. या छंदाचं मोल मला मान्य आहे.

माझी नजर अडली ती तिसऱ्या पानावरच्या एका ओळीवर. “कार्डाची शिस्त चांगली आहे, मिनिमम ड्यू आजवर एकदाही चुकलेला नाही.”

या एका ओळीत तुमच्या घरचं सगळं दुखणं आहे. गेल्या वर्षी जुलैत गच्चीवरून अँटेनाची केबल घरात आणण्यासाठी पाडलेल्या भोकातून पाणी झिरपलं, स्विचबोर्डात शिरलं आणि फ्रिज, टीव्ही, वायरिंग मिळून ८५ हजारांना फटका बसला. भोक तुम्ही पाडलेलं, म्हणून सोसायटीने हात वर केले. डिसेंबरात तुम्ही साताऱ्याला लग्नाला गेलात आणि वॉशिंग मशीनचा पाइप निसटला. खालच्यांचं छत आणि रंगकाम करून देण्यात ४० हजार गेले. दोन्ही खर्च कार्डावर. किराणा आणि पेट्रोलही त्याच कार्डावर. आज थकबाकी १ लाख ४० हजार.

आता तुमच्याच स्टेटमेंटवरचा दर घ्या: महिन्याला साडेतीन टक्के. म्हणजे ४,९०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ५,८०० च्या आसपास. तुम्ही मिनिमम ड्यू म्हणून भरता ७ हजार. मुद्दलातून कमी होतात जेमतेम १,२००, आणि तेवढ्याहून जास्त किराणा त्याच महिन्यात पुन्हा चढतो. म्हणूनच १ लाख २५ हजारांची थकबाकी वर्षभर हप्ते भरूनही १ लाख ४० हजार झाली. वर्षाला सत्तर हजारांच्या घरात व्याज जातंय. सेटच्या निम्म्याहून जास्त पैसे तुम्ही दरवर्षी असेच देताय आणि घरात काहीच येत नाही.

आणखी एक गोष्ट कार्ड विकणारे कधी ठळक करून सांगत नाहीत. मागची बाकी पूर्ण भरलेली नसली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. तुमच्या तूरडाळीवर खरेदीच्या दिवसापासून वर्षाला ४२ टक्के दराने व्याज चालू आहे, जीएसटी धरला तर पन्नासच्या जवळ. मिनिमम ड्यू वेळेवर भरल्याने फक्त दंड आणि सिबिलवरचा डाग टळतो. कर्ज फिटत नाही. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात ते हेच.

त्याच कार्डावर १ लाख ३० हजारांचा ईएमआय टाकलात तर तो हप्ता पुढच्या मिनिमम ड्यूमध्येच मिळवला जाईल. नो-कॉस्ट म्हणतात त्यात प्रोसेसिंग फी असते, व्याजाच्या भागावर जीएसटी असतो आणि रोखीवर मिळाली असती ती सवलत जाते. सात हजार भरताना ओढाताण होणाऱ्या घरात अठरा हजार कुठून येणार?

आता मुळाशी जाऊ. एवढे दोन अपघात कार्डावर का गेले? घरात तीन महिन्यांचा खर्च बाजूला असता तर गेले नसते. आणि तो होता! २०२१ पर्यंत तुमच्याकडे ५ लाखांची एफडी होती, अडीअडचणीसाठीच ठेवलेली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ती पिकली आणि बँकेतल्या मॅडमनी “एफडीसारखंच, पण गॅरंटीड आणि दुप्पट” असं सांगून वर्षाला १ लाख, दहा वर्षं, अशी पॉलिसी गळ्यात मारली. खात्री करून घेणारा फोन येईल तेव्हा सगळ्याला हो म्हणा, असंही त्यांनी सांगितल्याचं तुम्ही लिहिता. हे वाचून मला संताप येतो, कारण हेच वाक्य मी वेगवेगळ्या बँकांच्या ग्राहकांकडून पुन्हा पुन्हा ऐकतो. आतापर्यंतचे चारही हप्ते त्या एफडीतूनच गेले. आता तिथे १ लाख १० हजार उरलेत, येत्या ऑक्टोबरचा पाचवा हप्ता त्यातून जाईल आणि त्यानंतरचे पाच लाख तुमच्या पगारातून. त्याची तरतूद पत्रात कुठेच दिसत नाही.

दुप्पट या शब्दाने किती घरं फसली असतील! दहा लाख भरून विसाव्या वर्षाअखेर २३ लाख मिळणार, म्हणजे वर्षाला साडेपाच टक्के. हेच हप्ते पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी गेले असते तर २९ लाखांच्या पुढे गेले असते. विमा म्हणावा तर तो १० लाखांचा. तुमच्या गृहकर्जाचीच बाकी सोळा लाखांच्या आसपास असेल. उद्या तुम्हाला काही झालं तर विम्याचे सगळे पैसे देऊनही कर्ज फिटणार नाही. करबचतीचं म्हणाल तर कंपनीने तुम्हाला नव्या करप्रणालीत ठेवलं आहे, तिथे ८०सीची वजावटच नाही.

म्हणून लगेच सरेंडर करा, म्हणजे पॉलिसी मुदतीआधीच मोडा, असं मी सांगणार नाही. चार हप्त्यांनंतर हमीचं सरेंडर मूल्य भरलेल्या पैशांच्या निम्मं असतं, म्हणजे दोन लाख. दोन लाखांवर पाणी. दुसरा मार्ग आहे: पॉलिसी पेड-अप करणं. हप्ते थांबतात, भरलेले पैसे तिथेच राहतात आणि मुदतीअखेर त्या प्रमाणात रक्कम मिळते. दहापैकी चार हप्ते भरलेत, तर ढोबळमानाने २३ लाखांचे ९ लाख. उरलेले सहा लाख भरून जे जादा १४ लाख मिळतील, त्यावरचा परतावा सव्वासहा टक्क्यांच्या आसपास पडतो, तोही पैसे सोळा वर्षं अडकवून. त्यासाठी घर कार्डावर चालवायचं कारण नाही. विमा कंपनीकडून तीन आकडे लेखी मागवा: आजचं सरेंडर मूल्य, पेड-अप केल्यास मुदतीअखेरची रक्कम, आणि पेड-अप झाल्यावर कर्ज मिळेल का व किती. बँकेतल्या मॅडमना विचारू नका, कंपनीला ईमेल करा.

फसवणुकीची तक्रार जरूर करा. मॅडमचे व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवले असतील तर आधी बँक आणि विमा कंपनीकडे लेखी तक्रार, दाद लागली नाही तर मुंबईतल्या विमा लोकपालाकडे. पण सही तुमची आहे आणि चार वर्षं झालीत. पैसे परत येतील असं धरून कुठलंही गणित मांडू नका.

आता क्रम सांगतो. पहिल्यांदा मुदतीचा विमा, नुसता टर्म प्लॅन, एक कोटीचा. तुमच्या वयाला, सिगारेट नसेल तर, वर्षाला साधारण २० ते २५ हजार. तो हातात आल्यावरच जुनी पॉलिसी पेड-अप करा, कारण पेड-अप झाली की तिचं विमाछत्रही आटतं. दुसरं, एफडी मोडा, ते १ लाख १० हजार थेट कार्डात. उरलेले ३० हजार एसआयपीतून काढा. तिथे ५२ हजार जमलेत आणि तुम्ही वर्षाला २० टक्के धरून मुलीच्या कॉलेजचं गणित केलंय. शेअर बाजार तुम्हाला वीस टक्के देईल असं कोणीही लिहून देणार नाही, मी तर मुळीच नाही. बारा धरा आणि त्यापेक्षा कमी मिळाले तरी चालेल अशी तयारी ठेवा. इकडे कार्डवाला मात्र ४२ टक्के नक्की घेतोय. कार्ड फिटेपर्यंत एसआयपी चालू ठेवणं हा तोटाच आहे.

कार्ड शून्य झालं की मिनिमम ड्यूचे ७ हजार आणि एसआयपीचे ५ हजार, असे महिन्याला १२ हजार मोकळे होतात. टर्मचे दोन बाजूला काढा, उरले दहा. ते सगळे अडीअडचणीच्या निधीत, वेगळ्या खात्यात. घरखर्च ५२, हप्ता २१, शाळा-क्लास ६, म्हणजे महिन्याला ७९ हजार लागतात. तीन महिन्यांचे झाले २ लाख ४० हजार. या दिवाळीचा ७० हजारांचा बोनस त्यातच जाऊ द्या. पुढच्या दिवाळीपर्यंत दोन लाखांच्या वर गेलेले असाल. सुरुवातीचे काही महिने हात कोरडा राहील, हे खरं आहे. तेव्हा काही अंगावर आलं तर कार्ड वापरा, पण आलेलं बिल पूर्ण भरा.

पुढच्या दिवाळीचा बोनस रेडिओचा. हे तुमच्या पत्नीसमोर आजच ठरवा आणि लिहून ठेवा. सत्तर हजारांत चांगला वापरलेला सेट शोधता येईल. नवाच हवा असेल तर अजून काही महिने.

तुम्हाला घाई आहे ती सूर्याची, कारण सूर्यावरची हालचाल वाढली की एचएफच्या लहरी जास्त लांब पोचतात. पंचविसावं सौरचक्र शिगेला आहे, आता नाही घेतला तर अकरा वर्षं थांबावं लागेल, असं तुम्ही म्हणता. नासा आणि नोआ (अमेरिकेची हवामान-महासागर संस्था) यांनी सूर्य कमाल सक्रियतेच्या काळात पोचल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं हे बरोबर. पण शिखरानंतरची उतरण कित्येक वर्षं चालते. झळ बसते ती दहा मीटर लांबीच्या लहरींसारख्या वरच्या, म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीच्या, पट्ट्यांना. चाळीस आणि वीस मीटरचे पट्टे उतरणीतही चालतात. वर्षभराने तुमचं काहीही हुकणार नाही.

खरी अडचण सूर्याची नाही, तुमच्या बिल्डिंगची आहे. लिफ्टची मोटर, शंभर घरांतले एलईडी दिवे, चार्जर, वायफाय यांच्या खरखरीत चाळीस मीटरवर किती ऐकू येतं ते आधी तपासा. क्लबमधल्या कोणाचा तरी सेट एका रविवारी उसना आणा, गच्चीवर वीसेक मीटरची डायपोल, म्हणजे साध्या तारेची अँटेना, तात्पुरती ताणा आणि रात्री नुसतं ऐका. गच्ची सोसायटीची आहे, तेव्हा कमिटीची लेखी परवानगी घ्या. या वेळी केबलचं भोक सील करून, केबलला बाहेरच्या बाजूला खाली झोल देऊन पाणी तिथेच टिपकेल असं करा. थांबणं अगदीच जड जात असेल तर हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी रचलेल्या बिटएक्ससारखा कमी वॉटचा सेट जोडून बघा. मेंटेनन्सवाल्या माणसाला तो जमेल, आणि एफटी-८ सारख्या, संगणकावरून छोटे संदेश पाठवायच्या पद्धतीत थोड्या वॉटवरही दूरचे देश लागतात.

आणि घराचा विमा. सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी एप्रिल २०२१ पासून मिळते, तुमच्या फ्लॅटला वर्षाला साधारण दोन-तीन हजार पडतील. आग, वीज, वादळ, पूर, पाइप फुटून वाहिलेलं पाणी यांत येतं. हळूहळू झिरपणारं पाणी येत नाही. खालच्या मजल्याचं नुकसान भरून देण्यासाठी वेगळं जोडकलम घ्यावं लागतं, ते मागून घ्या. शॉर्टसर्किटने किंवा विजेच्या झटक्याने जे उपकरण स्वतःच जळतं त्याची भरपाई मूळ पॉलिसीत नसते. आग पसरून बाकीचं सामान जळलं तर त्या सामानाची मिळते. तेव्हा उद्या सेट आला तरी पावसाळ्यात वापर झाला की अँटेनाची केबल काढून ठेवायची आणि अर्थिंग नीट करून घ्यायचं.

ऑक्टोबरचा हप्ता ऑटो-डेबिटने जातो असं तुम्ही लिहिलं आहे. म्हणजे टर्मचा अर्ज याच आठवड्यात टाका, मेडिकलला दोन-तीन आठवडे जातील. टर्म पॉलिसी हातात आली की जुन्या पॉलिसीचं ते मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापायची परवानगी, नेटबँकिंगमधून रद्द करा आणि रद्द झाल्याचा मेसेज जपून ठेवा. टर्मला उशीर झाला तरी घाबरू नका, हप्त्याला साधारण ३० दिवसांची सवलत असते. मॅडमचा फोन येईल, एकच हप्ता भरा म्हणतील. नाही म्हणा.