मामांच्या पाण्याची पाळी

परभणीहून एका मुलाचं पत्र आलं आहे. वडील 62 वर्षांचे, सात महिन्यांपासून डायलिसिसवर. तो लिहितो, ‘बाबा घरात कुणाशी बोलत नाहीत. मशीनवर जायचा दिवस आला की भिंतीकडे तोंड करून पडतात. परवा म्हणाले, बंद करा हे सगळं. आजारावर मात केलेल्या लोकांचे व्हिडिओ मी त्यांना रोज दाखवतो, पण ते बघतसुद्धा नाहीत. ताई, त्यांना प्रेरणा कशी देऊ?’ सोबत सहा पानांचे रिपोर्ट जोडले आहेत.

हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. कधी बायको विचारते, कधी सून, कधी पेशंट स्वतःच. दर वेळी मला लातूरच्या डायलिसिस वॉर्डातले मामा आठवतात. त्यांची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

मामा औसा तालुक्यातल्या एका गावचे. ग्रामपंचायतीत 28 वर्षं पाणी सोडायचं काम केलं. मोटार चालू करायची, टाकी भरायची, मग गल्लीगल्लीत जाऊन व्हॉल्व्ह फिरवायचा. आज वरच्या आळीची पाळी, उद्या खालच्या. साखरेच्या आजाराने किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास मशीनवर बसणं नशिबी आलं. लघवी जवळजवळ थांबली होती. डॉक्टरांनी दिवसाला पाऊण लिटर पाणी बांधून दिलं. चहा, दूध, आमटी, ताक, सगळं त्यातच धरायचं.

हे पाळणं किती अवघड आहे, ते ज्याच्यावर वेळ येत नाही त्याला कळत नाही. लातूरचा एप्रिल, बेचाळीस अंशांचं ऊन, कोपऱ्यात गार माठ, आणि माणसाने घोट मोजायचे. शरीरात साचलेलं एक लिटर पाणी म्हणजे काट्यावर एक किलो. मामा दर वेळी साडेचार-पाच किलो वाढवून यायचे. पाय सुजलेले, दम लागलेला. मशीनवर एवढं पाणी एका दमात काढलं की रक्तदाब खाली जायचा, पोटऱ्यांत गोळे यायचे. टेक्निशियन रागवायचा. मामी पदर तोंडाला लावून बाहेर बसायच्या. रात्री मामा चोरून माठातलं पाणी पितात हे त्यांना ठाऊक होतं. त्या बोलत नव्हत्या, एवढंच.

पहिल्या भेटीत मीही त्या मुलासारखंच केलं. डायलिसिसवर असूनही नोकरी करणाऱ्या एका बाईंची गोष्ट सांगितली. मामांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “चांगलंय ताई. पर ते त्यांचं झालं.” पुढे अर्धा तास एक शब्द नाही.

दुसऱ्या भेटीत मी सरळच विचारलं, “मामा, जीव द्यावासा वाटतो का?” असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, अशी पुष्कळांना भीती वाटते. तसं होत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. मामा म्हणाले, “जीव द्यावं वाटत नाई. पर मी जगायलो का ही मशीन जगायलीय, तेच कळंना.” झोप गेली होती, जेवण तुटलं होतं. मानसोपचार तज्ज्ञांना दाखवलं. किडनी नीट काम करत नसेल तर मनाच्या गोळ्यासुद्धा जपून निवडाव्या लागतात, म्हणून त्यांनी किडनीच्या डॉक्टरांशी बोलूनच औषध ठरवलं. हिमोग्लोबिनही खूप उतरलं होतं, त्याची इंजेक्शनं लागली. हे मुद्दाम सांगते आहे. ‘बंद करा’ या बोलण्यामागे कधी नैराश्य असतं, कधी नुसता रक्ताच्या कमतरतेचा थकवा, कधी दोन्ही. ते तपासल्याशिवाय प्रेरणेच्या मागे लागू नये.

औषधाने झोप आली. पण माठ सुटला नाही.

मग मे महिन्यातली एक सकाळ. मशीनसाठी पाणी शुद्ध करणाऱ्या आरओला पाणी पुरलं नव्हतं, टँकर यायला उशीर झाला, म्हणून सगळे पेशंट बाहेर बाकांवर बसलेले. मामांनी टेक्निशियनला विचारलं, “एका माणसाला किती पाणी लागतंय ओ ह्या मशीनवर?” तो म्हणाला, “मिनिटाला अर्धा लिटर. चार तासांत 120 लिटर. आरओत वाया जातं ते वेगळं.” मामांना आधी पटेना. मग त्याने समजावून सांगितलं, की हे पाणी अंगात जात नाही. मशीनच्या नळकांड्यात केसासारख्या बारीक नळ्या असतात. नळ्यांच्या आतून रक्त जातं, बाहेरून हे पाणी, आणि रक्तातली घाण नळीच्या भिंतीतून पाण्यात उतरते.

मामा बोटं मोजायला लागले. टंचाईत टँकरचं पाणी माणशी 20 लिटर धरतात, हा हिशेब त्यांना पाठ होता. “म्हणजे सहा माणसांचं दिवसाचं पाणी,” ते म्हणाले, “माझ्या एकट्याला.”

माझ्या पोटात धस्स झालं. घरच्यांना ओझं झालो हे ते आधीच म्हणत होते, आता गावालाही ओझं झालो म्हणतील असं वाटलं. मी काहीतरी सावरून घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात तेच बोलायला लागले. 2016 साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, त्या उन्हाळ्याबद्दल. गावचं बोअर आटलेलं, टँकर आला की बायका घागरी घेऊन पळायच्या. रांगेत भांडणं नकोत म्हणून मामांनी घरागणिक यादी केली होती. स्वतःच्या भावाला दोन घागरी जास्त दिल्या नाहीत, तर भावाने वर्षभर बोलणं टाकलं.

“थेंबाथेंबासाठी लोकांशी वाईट झालो मी,” ते म्हणाले. “अन् हितं सहा माणसांचं पाणी लावून माझं रगत धुवायलेत, अन् मी घरी जाऊन रात्री माठातलं चोरून प्यायलो. चालू नळ सोडून गेल्यावाणी झालं की हे. हे बरोबर नाई, ताई.”

यातलं काहीच मी सुचवलेलं नव्हतं. मला सुचलंही नसतं. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर हाच आकडा ऐकून खचला असता, म्हणून हा आकडा मी कुणाला उपाय म्हणून सांगत नाही. मामांना तो लागू पडला, कारण त्यांनी उभं आयुष्य पाणी वाटण्यात घातलं होतं.

पुढच्या खेपेला त्यांच्या पिशवीत पाऊण लिटरची बाटली होती, वर खडूच्या रेघा. सकाळची पाळी, दुपारची, गोळ्यांची, रात्रीची. चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकायचं, म्हणजे हिशेब चुकत नाही. तांब्या बंद करून देवघरातलं फुलपात्र घेतलं. तोंड कोरडं पडलं की चूळ भरून थुंकायचं. आहारतज्ज्ञ ताईंचं एक म्हणणं आता कुठे त्यांच्या कानात शिरलं, की ही तहान पाण्याची कमी आणि मिठाची जास्त. ठेचा, लोणचं, पापड, खारोड्या ताटातून गेल्या. येसरची आमटी मात्र सुटेना. मामींनी ती बिनमिठाची करून पाहिली, मामांनी ताट सरकवलं, दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी आठवड्यातून एकदा, एक वाटी, तीही बाटलीतून वजा, असं ठरलं. भांडणाची हकिकत सांगताना मामी हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

काटा अडीच किलोवर आला. पायांत गोळे येणं बरंच कमी झालं.

शेजारच्या बेडवर 24 वर्षांचा एक मुलगा असे. स्पर्धा परीक्षेची तयारी अर्ध्यावर सुटलेली, कानात सतत हेडफोन. एकदा मामांनी त्याला विचारलं, “तुजं पाणी किती?” गावात नळाला पाणी आलं का विचारतात, त्याच सुरात. त्याने सांगितलं. “अन् पितो किती?” मुलगा गप्प. पुढच्या खेपेला मामांनी त्याच्यासाठीही रेघा मारलेली बाटली आणली. त्या पोराशी आम्ही तीन महिने बोलायला बघत होतो.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. दिवाळीच्या सुमारास मामांचा हातातला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा, बंद पडला. मानेत कॅथेटरची नळी टाकावी लागली, ताप आला, दहा दिवस ॲडमिट. घरी गेल्यावर बाटली कोपऱ्यात पडून राहिली. काटा पुन्हा चारवर. मी भेटायला गेले तर म्हणाले, “आज नको, ताई.” मी नुसती बसून राहिले. नवा फिस्टुला तयार होईपर्यंतचे ते दिवस वाईटच गेले. मधे एकदा तो मुलगा त्याच्या बेडवरून ओरडला, “मामा, काटा किती?” मामांनी खोटं सांगितलं. पुढच्या खेपेला मात्र बाटली पिशवीत होती.

आता तुमच्याविषयी. वडील ‘बंद करा’ म्हणाले ते हसण्यावारी नेऊ नका आणि त्यावर वादही घालू नका. काय बंद करायचं आहे, ते त्यांनाच विचारा. कुणाचं सुया टोचण्याने हैराण झालेलं असतं, कुणाचं पोराच्या खर्चाने. खर्च बोचत असेल तर महात्मा ज्योतिबा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे चौकशी करा. झोप, भूक आणि हिमोग्लोबिन डॉक्टरांना सांगा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर त्यांना एकटं ठेवू नका. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. व्हिडिओ तूर्त थांबवा.

तुमच्या सहा पानांत क्रिएटिनिन आहे, पोटॅशियम आहे, वजन आहे. वडील इतकी वर्षं काय काम करत होते, ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही. पुढच्या पत्रात तेवढं कळवा.