एसयूपीचं अडकलेलं वल्हं आणि तुटलेली कड घरी दुरुस्त होईल का?

एसयूपीचं, म्हणजे उभं राहून वल्हवायच्या फळीचं, तीन तुकड्यांचं ॲल्युमिनियमचं वल्हं सांध्यात अडकलंय आणि पात्याची कडही उडालीय, घरी जमेल का, असं विचारलंय तुम्ही. अडकलेलं बहुतेक सुटेल. कडेचं मात्र पातं कशाचं आहे त्यावर ठरेल.

तेल अजून ओतलं नसेल तर ओतू नका. मी माझ्या पहिल्या वल्ह्यात खोबरेल ओतलं होतं. सुटलं लगेच, पण मग लांबी पक्की करणारा क्लॅम्प दांडा धरेना. भर खाडीत दर चार हातांनी वल्हं आखूड व्हायचं. शिवाय तेलाला वाळू चिकटली आणि काही दिवसांत पुन्हा जाम.

आत अडकते ती वाळू, मीठ आणि ॲल्युमिनियमवर चढणारी पांढरी भुकटी. खाऱ्या पाण्यात सांध्यातल्या स्टीलच्या बटणाला टेकलेलं ॲल्युमिनियम आणखी लवकर गंजतं. म्हणून सांधा गोड्या कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेवा, मधूनमधून हलवा. मग रबरी हातमोजे घालून दोघांनी दोन्ही टोकं धरायची, बटण दाबायचं आणि आधी पिळायचं, मग ओढायचं. नुसतं ओढून काही होत नाही. तरीही हटलं नाही तरच गंज सोडवणारा स्प्रे मारा, आणि सुटल्यावर भांड्यांच्या साबणाने दांडा आतून-बाहेरून स्वच्छ धुवा.

आता कड. पातं नायलॉन किंवा साध्या प्लॅस्टिकचं असेल तर इपॉक्सी गोंद त्याला नीट धरत नाही. खरखरीत कडा पॉलिशपेपरने गुळगुळीत करा आणि वापरा, वल्हवताना फरक जाणवणार नाही. फायबरग्लास किंवा कार्बनचं असेल तर दुरुस्ती टाळू नका, कारण त्या फटीतून पाणी आत शिरतं. आमच्याकडे खाडीतल्या खडकांवर कालवं असतात, ती सुरीसारखी कड कापतात. पातं धुऊन दोनेक दिवस पूर्ण वाळवा. आत ओल राहिली तर वरचं सगळं फुकट. सैल धागे कापा, ८० नंबरच्या पेपरने घासा, दोन नळ्यांचं सावकाश वाळणारं इपॉक्सी भरा आणि एक दिवस हात लावू नका. नंतर २२० नंबरने घासून घ्या. कार्बनची भुकटी फार वाईट, त्यामुळे पेपर ओला ठेवा आणि मास्क लावा.

यापुढे समुद्रातून आलात की तुकडे सुटे करून धुवा आणि सुटेच वाळवा. एवढी एकच सवय पुरते. उन्हात बंद गाडीत वल्हं ठेवू नका. बऱ्याच वल्ह्यांची मूठ गरम गोंदाने बसवलेली असते, ती उष्णतेने सैल होते.

दांड्याला कुठे आडवी चीर दिसली तर मात्र चिकटवत बसू नका, दांडा बदला. मी चिकटवलेल्या दांड्यावर विश्वास ठेवून गेलो, तो मोडला आणि ओहोटीच्या ओढीत फळीवर पालथा पडून, हातांनी पाणी ओढत किनारा गाठला.