बारापासॉरस या डायनोसॉरची कवटी सापडलीच नाही, मग तो शाकाहारी होता हे कशावरून ठरवलं?

मुख्यतः दातांवरून. कवटी नाही, पण प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात त्याच्या हाडांसोबत काही सुटे दात मिळाले. ते चमच्यासारखे रुंद, बुडाशी फुगीर आणि कडेला जाडसर दाते असलेले आहेत. मांसाहारी डायनोसॉरचा दात चपटा, मागे वळलेला असतो आणि त्याच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते असतात. बारापासॉरसच्या दातांनी मांस कापलं जाणार नाही. पाला ओरबाडायला मात्र ते उत्तम.

बाकीचा सांगाडा त्याला दुजोरा देतो. मांडीचं हाड सुमारे १.७ मीटर लांब आणि खांबासारखं सरळ. चार पायांवर वजन पेलणारा, संथ चालणारा प्राणी. मणके लांब मानेच्या सॉरोपॉड गटाशी जुळतात, आणि तो सगळा गटच पालाखाऊ.

कवटी न मिळण्यात नवल काही नाही. सॉरोपॉडची कवटी अंगाच्या मानाने फारच लहान, हाडं पातळ आणि सैल जोडलेली. प्रेत कुजलं की ती आधी सुटते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. इथे तर किमान सहा प्राण्यांची सुमारे ३०० हाडं मोठमोठ्या झाडांच्या अश्मीभूत खोडांसोबत मिळाली, म्हणजे पुराचीच शक्यता जास्त.

ज्या थरात तो सापडला त्याला नाव मिळालं गडचिरोलीतल्या सिरोंचाजवळच्या कोटा गावावरून. उभा केलेला सांगाडा पाहायचा असेल तर कोलकात्याला, भारतीय सांख्यिकी संस्थेच्या भूविज्ञान संग्रहालयात. त्यावरची कवटी मात्र अंदाजाने बनवलेली, तिच्यावरून निष्कर्ष काढू नका.