पाणीवेऱ्याच्या हरकतीची तयारी डिसेंबरात करा
(वाचकांचे प्रश्न : वडोदरा)

प्रश्न (रावपुरा) : पुढच्या वर्षी पाण्याचा वेरा (कर) वाढणार अशी चर्चा आहे. आमच्या पोळीतली (जुन्या वस्तीच्या गल्लीतली) चाळीसेक घरं एकत्र हरकत घ्यायला तयार आहेत. ती कुठे आणि कधी घ्यायची?

उत्तर : बहुतेक ठिकाणी लोक वेराबिल हातात पडल्यावर एकत्र येतात, आणि तोवर दर ठरून गेलेला असतो. गुजरात प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 99 प्रमाणे पुढच्या वर्षाचे कराचे दर महापालिकेच्या सभागृहाने 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. आयुक्तांचा दरांचा मसुदा साधारण जानेवारीअखेर स्थायी समितीकडे येतो. समितीत 12 नगरसेवक असतात. ते फेरफार करतात आणि मग मसुदा सामान्य सभेपुढे जातो. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम तीन आठवडे असतात. एवढ्यात माहिती गोळा होत नाही, म्हणून कामाला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागा.

पहिलं काम माहिती अधिकाराचा अर्ज. गुजरातेत त्याची फी 20 रुपये, नकलेच्या प्रत्येक पानाला 2 रुपये. उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करायचं. अर्जात 'वेरा का वाढवता?' असं विचारू नका. दफ्तरी कागद असेल तेवढंच देणं त्यांच्यावर बंधनकारक असतं, आणि 'का'चं उत्तर बहुधा 'माहिती उपलब्ध नाही' असंच येतं. त्याऐवजी मागच्या तीन वर्षांची ही आकडेवारी मागा : पाण्यापासून झालेली वसुली, पंपिंगचं वीजबिल, क्लोरीन-तुरटीचा खर्च, दुरुस्तीचा खर्च, तुमच्या टाकीतून रोज सोडलेलं पाणी आणि त्या टाकीवरची कनेक्शनं. वीजबिल आजवा आणि मही असं वेगवेगळं मागायला विसरू नका. सयाजीराव महाराजांच्या काळात 1892 मध्ये पुरा झालेला आजवा तलाव शहरापेक्षा उंचावर आहे आणि मूळ योजना पाणी उताराने आणण्याची होती. महीचं पाणी मात्र फाजलपूर, पोइचा, रायका, दोडका इथल्या नदीपात्रातल्या फ्रेंच विहिरींतून (वाळूत आडव्या नळ्या टाकलेल्या खोल विहिरींतून) उपसावंच लागतं. 'वीज महागली' एवढंच कारण वाढीसाठी पुढे आलं, तर कुठल्या पाण्यावर किती वीज लागली हे विचारण्याचा तुम्हाला पुरा हक्क आहे.

दुसरं काम निवेदन. एका पानाच्या वर नको. मागणी एकच ठेवा, उदाहरणार्थ 'पुरवठा मोजून प्रसिद्ध होईपर्यंत दर आहे तोच ठेवावा'. निवेदनात पाण्याबरोबर रस्ते, गटार, भटकी गुरं सगळंच आलं की कागद चार खात्यांत फिरतो आणि कुणाचाच राहत नाही. सहीसमोर नाव, पत्ता आणि वेराबिलावरचा सेन्सस नंबर लिहा. नुसत्या सह्यांच्या यादीला किंमत मिळत नाही. प्रती आयुक्त, स्थायी समितीचे अध्यक्ष आणि म्युनिसिपल सेक्रेटरी यांना द्या. खंडेराव मार्केटमधल्या महापालिकेच्या कचेरीत प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

आणखी एक गोष्ट राहून जाते. सभागृहात उपसूचना (मसुद्यात बदल सुचवणारी सूचना) फक्त नगरसेवकच मांडू शकतो. तुमच्या वॉर्डाचे चार नगरसेवक आहेत. चौघांनाही उपसूचनेचा मजकूर तयार लिहून द्या, 'लक्ष घाला' एवढंच सांगून परतू नका. कलम 44 प्रमाणे नगरसेवक आयुक्तांना लेखी प्रश्नही विचारू शकतो, पण त्यासाठी सात पूर्ण दिवस आधी नोटीस लागते.

प्रश्न (वाडी) : पाणी कमी येतं हे आम्ही सांगतो, अधिकारी म्हणतात पुरेसं येतं. सिद्ध कसं करायचं?

उत्तर : मोजून. 20 लिटरची बादली जमिनीलगतच्या नळाखाली लावा आणि भरायला लागलेला वेळ घड्याळावर बघा. दोन मिनिटं लागली तर मिनिटाला 10 लिटर. पाणी 45 मिनिटं टिकलं तर 450 लिटर. घरात पाच माणसं असतील तर माणशी 90. ड्रेनेज असलेल्या शहरासाठी केंद्राच्या मार्गदर्शिकेत माणशी 135 लिटरचं प्रमाण आहे. धार शेवटी मंदावते, म्हणून सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी तीनदा बादली लावा. लाइनीच्या तोंडाशी, मध्यावर आणि टोकाला एकेक घर घ्या आणि सलग सात दिवस नोंद ठेवा. फक्त टोकाच्या घराची नोंद दिली की 'ती एकाच घराची अडचण आहे' म्हणून बाजूला सारतात.

दाबही बघता येतो. नळाला बसणारा प्रेशर गेज प्लंबरकडून घ्या : एकमजली घरासाठी किमान 7 मीटर (पाणी तेवढं वर चढेल इतका दाब) हवा, म्हणजे साधारण 0.7 किलो प्रति चौरस सेंटिमीटर; दुमजलीला 12 मीटर, तिमजलीला 17.

मोजताना आख्ख्या गल्लीने लाइनीवरच्या मोटारी बंद ठेवायला हव्यात, नाहीतर आकडे खोटे ठरतात. एरवीही थेट लाइनीवर मोटार लावू नये, असं आम्ही अगदी कळकळीने सांगतो. मोटारीच्या ओढीने लाइनीतला दाब शून्याखाली जातो, आणि जोडातून शेजारच्या गटाराचं पाणी आत खेचलं जातं. लहान मुलं त्यानेच आजारी पडतात.

प्रश्न (मांजलपूर) : आम्ही महापौरांना दोनदा भेटलो, काही झालं नाही. कुणाकडे जावं?

उत्तर : वडोदऱ्याचे महापौर नगरसेवकांतून अडीच वर्षांसाठी निवडले जातात आणि सभा चालवतात. कारभार आयुक्तांच्या हाती आणि पैशाचे निर्णय स्थायी समितीत. पाण्याची वेळ, व्हॉल्व्ह, गळती यांसाठी वॉर्ड कचेरी आणि पाणीपुरवठ्याचे इंजिनियर. दरासाठी स्थायी समिती. आयुक्त राज्य सरकार नेमतं, तरी एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांशांनी, म्हणजे 76 पैकी 48 जणांनी, ठराव केला तर सरकारला त्यांना परत बोलवावं लागतं. दाब आणायचाच असेल तर तो आपल्या वॉर्डाच्या चौघांवर, आणि तोही लेखी.

प्रश्न (कारेलीबाग) : निषेध म्हणून वेरा भरायचाच नाही असं ठरवलं तर?

उत्तर : तसं करू नका. थकबाकीवर व्याज चढतं, कनेक्शन तोडण्याची नोटीस येते आणि ती आधी लागते ज्यांचा हात तंग आहे त्यांना. तुमच्या बिलातच चूक असेल, जसं क्षेत्रफळ जास्त धरलं आहे किंवा रहिवासी घर दुकान म्हणून लावलं आहे, तर कलम 406 खाली न्यायालयात अपील करता येतं. त्याची मुदत फक्त 15 दिवसांची आहे आणि वादातली रक्कम आधी जमा करावी लागते. बिल आलं त्याच दिवशी त्याच्या पाठीवर तारीख लिहून ठेवा.